चिमट्यातली सहा पानं

घुले सरांच्या ड्रॉवरमध्ये एक काळा लोखंडी चिमटा असायचा. पेपरांच्या गठ्ठ्याला लावतात तसला, चांगला तळहाताएवढा. वर्षभर तो आराम करायचा. जुलै महिन्यात मी शाळेत मुलींना आरोग्याचं मार्गदर्शन करायला गेले की सर तो बाहेर काढायचे आणि माझ्या सरकारी फ्लिपचार्टच्या पान नऊ ते चौदाला लावायचे. कडा जुळवून, अगदी मन लावून. एवढं मन त्यांनी विज्ञानाच्या तासाला लावलं असतं तर गावातली दोन-चार पोरं तरी शिकून कुठे लागली असती. पण ते असो.

पान आठपर्यंत नखं कापा, हात धुवा, पालेभाज्या खा, पाळीत कपडा स्वच्छ ठेवा. पान पंधरापासून पुन्हा पालेभाज्या. मधल्या सहा पानांत मूल कसं होतं, काय केल्याने होतं, काय केल्याने होत नाही आणि नको असताना कोणी अंगाला हात लावला तर कोणाकडे जायचं, हे सगळं चित्रांसकट दिलेलं आहे. सरकारने ती पानं छापली. मला त्याचं पाच दिवस ट्रेनिंग दिलं, दुपारचं जेवण दिलं, खांद्याला लावायची पिशवी दिली. चार्ट त्याच पिशवीत असायचा.

मी प्रतिभा. जांभूळच्या पुढे जे गाव आहे तिथल्या उपकेंद्रात बावीस वर्षं नर्स होते. गावात निम्म्या पोरांना मीच बाहेर काढलंय, बाकीच्यांना सुया टोचल्यात. त्यामुळे मला कोणाबद्दल फारसा आदर उरलेला नाही. माणूस जन्मताना आणि सुई टोचताना पाहिला की पुढे तो कितीही मोठा झाला तरी डोळ्यासमोर तेच येतं.

हरिचंद्र घुले शाळेचे मुख्याध्यापक. दहावीला विज्ञानही तेच घेतात. त्यांच्या डोक्यावर आण्णा गायकर, शाळा समितीचे अध्यक्ष. आण्णांनी जमीन बिल्डरला दिली, दारात दोन पांढऱ्या गाड्या आल्या आणि तोंडात संस्कार हा शब्द आला. त्यांच्या थोरल्याच्या हळदीला स्टेज बांधून नाचणाऱ्या बायका आणल्या होत्या. नोटा उडत होत्या आणि आठवी-नववीच्या पोरी आयांच्या मांडीला मांडी लावून बघत होत्या. तेव्हा संस्कारांचा केसही वाकडा झाला नाही. चार्टवरचं गर्भाशयाचं चित्र पाहून मात्र आण्णा तीन वर्षांपूर्वी मीटिंगमध्ये उठून उभे राहिले होते. चिमटा तेव्हापासून आला.

गेल्या जुलैत नेहमीसारखंच झालं. मुलग्यांना मैदानात गवत उपटायला पाठवलं. हा शाळेचा रिवाज आहे, मुलींना मार्गदर्शन आणि मुलग्यांना गवत. मुलींना दिवस आपोआपच राहतात अशी शाळेची समजूत असावी. त्यातून त्या वर्षी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या एका सिंधी दुकानदाराने पॅडची खोकी भेट दिली होती. खोक्यांबरोबर बॅनर आला, बॅनरबरोबर फोटोवाला आला. "स्माइल करो बेटा, स्माइल करो," दुकानदार प्रेमाने म्हणत होता. माणूस भला होता. पण मुलींच्या हातात उघडं पॅड दिसायला नको म्हणून घुले सरांनी एकेक पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळायला लावलं. तो फोटो अजून ऑफिसात लावलेला आहे. चाळीस मुली रांगेत हातात पेपर धरून उभ्या आहेत, बघणाऱ्याला वाटावं रद्दी गोळा करायला आल्यात.

फोटो झाला, मी आठ पानं संपवली, विचारलं, "कोणाला काही विचारायचंय?" हे विचारायची पद्धत असते. कोणी विचारत नाही, तीही पद्धतच.

तिसऱ्या बाकावरची ऋतिका उभी राहिली. दहावीतली, सोळा वर्षांची, दोन वेण्या आणि कपाळावर घाम. तिची आई येसू बदलापूर स्टेशनबाहेर भाजी विकते आणि बाप महेश एमआयडीसीत ठेकेदाराकडे आहे. ती म्हणाली, "सिस्टर, मुली प्रॉब्लेममध्ये येतात ना, म्हणजे लग्नाच्या आधीच... ते कशाने होतं? आणि काय केलं की नाही होत?"

वर्ग खिदळला. दारात उभे असलेले घुले सर खोकले. त्यांना खोकला झालेला नव्हता; मी नर्स आहे, मला कळतं. माझ्या हातात चार्ट होता आणि बोट चिमट्यावर होतं. तो दाबला असता तर उघडला असता, त्याला काही कुलूप नव्हतं. प्रश्न मला कळला होता. सगळ्या वर्गाला कळला होता.

मी म्हणाले, "दर सोमवारी शाळेत निळी गोळी मिळते ना? ती न चुकता घ्यायची. जेवण झाल्यावर. मग मुलींना कुठलाच प्रॉब्लेम येत नाही."

ती लोहाची गोळी. रक्त वाढायची. सोमवारी डबे खाऊन झाले की वर्गाच्या बाई एकेकीच्या हातावर ठेवतात, पुष्कळ पोरी ती खिडकीतून भिरकावतात. ऋतिकाने मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं आणि बसली. सरांचा खोकला थांबला. ऑफिसात चहा आला, बाकरवडी आली, आणि सर म्हणाले, "छान हाताळलंत हं सिस्टर." मी बाकरवडी खाल्ली.

जानेवारीच्या शेवटी येसू पोरीला घेऊन उपकेंद्रात आली. पायाला सूज येते, जिना चढताना दम लागतो, चेहरा पांढरा पडलाय. दुपारी एक वाजता पोरीच्या अंगात स्वेटर होता. मी तिला टेबलावर झोपवलं, पोटावर हात ठेवला आणि आतून माझ्या हाताला धक्का बसला.

सव्वीस आठवडे. चोवीस आठवड्यांपर्यंत निदान विचारायला जागा असते, डॉक्टर असतात, कायदा असतो. ती जागा दोन आठवड्यांपूर्वीच गेली होती. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात पॉइंट दोन; अकराच्या वर हवं. एवढ्या रक्तात धड चालवत नाही, आणि ही पोर दोन जिवांची होऊन सायकल मारत शाळेत जात होती.

येसूला सांगितलं तेव्हा ती आधी माझ्याकडेच संशयाने बघायला लागली. "काय पन बोलतंव सिस्टर? माझी पोर तसली नाय. मी तिला कवा काय बोललीच नाय असल्या गोष्टीतला!" मग पोरीकडे वळून तिने तोंडावर पदर दाबला. "असा कसा झाला गो ह्या? कसा झाला?"

कधी काही बोलली नाही, हे ती अभिमानाने सांगत होती. बावीस वर्षांत ही फुशारकी मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलीय की आता कान विटलेत. पोरीला कांदा कसा चिरायचा ते बोट कापेपर्यंत शिकवतील; ज्याने जीव जाईल त्यावर अळीमिळी गुपचिळी. येसूला मी बाहेर बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं आणि दार लावून घेतलं.

"कोण?" मी विचारलं.

"जितेश." तिच्याच वर्गातला. जुलैत गवत उपटत होता त्यांच्यातला.

"जबरदस्ती केली का? खरं सांग. मला खरं लागतं."

"नाही." ती छताकडे बघत होती. "आम्ही... मला आवडायचा. आता बोलत पण नाही तो. ब्लॉक केलंय मला."

"अगं, मग असं केल्याने काय होतं, तुला काहीच माहीत नव्हतं?"

"माहीत होतं ना," ती म्हणाली. "म्हणून तर गोळी घेत होते."

मला वाटलं मेडिकलमधून काहीतरी भलतंच आणून खाल्लंय. "कुठली गोळी?"

"निळी. सोमवारची." ती कोपरावर उठून बसली. "मी एक पण सोमवार नाही चुकवला, सिस्टर. गणपतीच्या सुट्टीत शाळा बंद होती तर बाईंकडून आधीच एक्स्ट्रा मागून ठेवलेली. बाकीच्या फेकून देतात, मी त्यांची पण घ्यायचे कधीकधी. तरी कसं झालं?" आणि मग तिने जे विचारलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "जेवल्यावरच घ्यायची होती ना? मी जेवल्यावरच घेतली. माझं काय चुकलं?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आपली काहीतरी चूक झाली असणार, सिस्टर बरोबरच बोलल्या असणार, एवढा तिचा माझ्यावर विश्वास होता. मी बावीस वर्षं ह्या गावाला मूर्ख म्हणत आले. सरांना भित्रा म्हणाले, आण्णांना ढोंगी म्हणाले, आयांना आंधळ्या म्हणाले. त्या टेबलाशी उभं राहून मला पहिल्यांदा माझीच किळस आली. त्यांनी निदान तोंड बंद ठेवलं होतं. खोटं मी बोलले होते.

"तुझं काही चुकलं नाही," मी म्हणाले. "ती गोळी रक्ताची असते. तिने असलं काहीच थांबत नाही. मी तुला खोटं सांगितलं."

"का?"

"सर दारात उभे होते."

"ओके," ती म्हणाली आणि स्वेटरची बटणं लावायला लागली. मग एकच विचारलं, "सिस्टर, मार्चमध्ये बोर्डाचा पेपर देता येईल ना? मला नर्सिंगला जायचंय."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमना मी तिच्यासमोरच फोन केला. मुलगी अठराच्या आतली, त्यामुळे पोलिसांना कळवणं त्यांना कायद्याने भाग होतं. मॅडम म्हणाल्या, परवा सकाळी घेऊन या. मी येसूला तसं सांगितलं आणि घरी पाठवलं. वाटलं, महेश निदान धावत माझ्याकडे येईल. तो धावला, पण आण्णांकडे. आमच्या गावात घराला आग लागली तरी आधी आण्णांना विचारतात, पाणी टाकू का म्हणून.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मला शाळेच्या ऑफिसात बोलावणं आलं. आण्णा घुले सरांच्या खुर्चीत, घुले सर बाजूच्या स्टुलावर, महेश भिंतीला टेकून जमिनीकडे बघत उभा. येसू बाहेर पायरीवर. जिच्याबद्दल हे सगळं चाललं होतं ती घरी. तिला कोणी विचारायचा प्रश्नच नव्हता.

"या सिस्टर, बसा," आण्णा म्हणाले. "गावाची गोष्ट गावात ऱ्हायला पायजे. तुमी फकस्त एक चिट्टी द्या. पोरीला कावील झालीय. डॉक्टरची सही आमी बघतो."

"कावीळ?"

"बारवीकडं रखमाबाई हाय, महेशची आत्या. तिच्या पाड्यावर ठेवू पोरीला चार महिने. ताजी हवा. सगला निपटला की घेऊन येऊ."

रखमाबाईच्या पाड्यावर मी लसीकरणाला जाते. जीप जिथे थांबते तिथून पुढे पाऊण तास चढण आहे. सात पॉइंट दोन रक्ताची पोर तिथे बाळंत झाली तर ताजी हवा तिला पुरेल, कारण दुसरं काही मिळायचंच नाही. हे मी महेशला तोंडावर सांगितलं. "पोरगी मरेल तुझी. कळतंय का?" त्याने वर पाहिलं, आणि मग आण्णांकडे पाहिलं. बापाला आपली पोर मरेल की नाही हेसुद्धा आण्णांच्या चेहऱ्यावर वाचावं लागत होतं.

"आणि चिठ्ठीबिठ्ठी विसरा," मी म्हणाले. "दवाखान्यात मी कालच कळवलंय. उद्या तिला तिथे न्यायची आहे. नेली नाही तर पोलीस इथे येतील. मग काविळीचं त्यांना सांगा."

आण्णांचा चेहरा उतरला. घुले सर मात्र झटकन सावरले. ह्या माणसाला शाळा वाचवायची म्हटलं की कुठून बुद्धी येते कोण जाणे. "मग शाळेचा काही संबंध नको," ते म्हणाले. "बोर्डाच्या सेंटरवर आमच्या शाळेची मुलगी त्या अवस्थेत गेली तर काय अब्रू राहील? तिचं हॉलतिकीट मी देणार नाही."

"जितेशचं?"

"ते दिलं सोमवारी."

"का?"

"अहो, मुलाचं वर्ष वाया जाईल," सर म्हणाले. त्यांना ह्यात काही चुकीचं दिसत नव्हतं. ते खरोखर समजावून सांगत होते.

"मुलीचं हॉलतिकीट अडवायचा तुम्हाला अधिकार नाही, घुले सर."

"अधिकार नसेल, सिस्टर," सरांनी कपाटाकडे मान वळवली. "किल्ली आहे."

आणि ते बरोबर होतं. तक्रार केली असती तर कुठूनतरी पत्र आलं असतं, चौकशी लागली असती, समिती बसली असती, आणि जूनमध्ये केव्हातरी मुलीला न्याय मिळाला असता. पेपर महिन्यावर होता. घुलेसारखी माणसं कायद्याला घाबरत नाहीत. कायदा किती हळू चालतो ते त्यांना पाठ असतं.

आण्णा आता दुसऱ्या दिशेने पेटले. "मना तर वाटतंय ह्या सगला त्या मार्गदर्शनानं झाला. तुमच्या त्या चित्रांनी पोरी बिघाडल्या. नको ता दाखवलात तुमी."

मी हसले. मोठ्याने हसले, महेश दचकला. जी पानं तीन वर्षं चिमट्यात कोंडली, ती पाहून पोरी बिघडल्या! माणूस इतका निर्लज्ज असू शकतो ह्याचं मला आता नवल वाटत नाही, पण त्या दिवशी वाटलं. आण्णा मात्र तावातावाने बोलत होते आणि घुले सर मान डोलवत होते. माझ्या लक्षात आलं, ह्यांना पोर नकोय, पोलीस नकोत, जितेशही नकोय. ह्यांना एक नाव हवंय. नाव मिळालं की हे घरी जाऊन जेवतील.

"लिहून देऊ?" मी म्हणाले.

"काय?"

"चूक माझी, असं. सही करून देते. वर कळवा, पेपरात द्या, शाळेच्या दारावर लावा. पण कपाट उघडा. हॉलतिकीट आधी माझ्या हातात द्यायचं."

घुले सरांनी आण्णांकडे पाहिलं. आण्णांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग सरांनी कमरेची किल्ली काढली. मी कागद घेतला आणि लिहिलं: जुलै महिन्यात कुमारी ऋतिका हिने वर्गात मला प्रश्न विचारला, दिवस कशाने राहतात आणि काय केल्याने राहत नाहीत. त्याचं उत्तर मला येत होतं. मी ते दिलं नाही. दर सोमवारी निळी गोळी घेतली की प्रॉब्लेम येत नाही असं मी तिला खोटं सांगितलं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

सरांनी कागद वाचला. चिमट्याचा उल्लेख कुठे नाही ना, हे त्यांनी दोनदा पाहिलं. मी तो मुद्दाम घातला नव्हता. घातला असता तर किल्ली पुन्हा कमरेला गेली असती. गोळीच्या वाक्यावर त्यांची नजर जराही अडकली नाही. दारात उभा राहून खोकलेला हा माणूस, त्याला तो दिवस आठवतही नव्हता. "व्यवस्थित आहे," ते म्हणाले. आण्णांनी कोणालातरी फोन करून वडापाव मागवले. मी हॉलतिकीट ब्लाउजमध्ये ठेवलं आणि बाहेर पायरीवर बसलेल्या येसूला म्हणाले, "ऊठ. उद्या सहाला तयार राहा, दोघी."

पुढचं सगळं झालं तसं झालं. दवाखान्यात मॅडमनी तपासलं, साध्या कपड्यांतली एक पोलीस बाई आली, तिने शांतपणे जबाब घेतला. जितेशही अठराच्या आतला, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेलं. त्याचा बाप आणि महेश भर चौकात एकमेकांच्या अंगावर गेले आणि आठवड्याभरात पुन्हा एकत्र क्रिकेटची मॅच बघायला बसले. मला कारणे दाखवा नोटीस आली, मग बदली आली, मुरबाडच्या पलीकडे. गावातल्या बायका माझ्या तोंडावर चुकचुकल्या आणि पाठीमागे म्हणाल्या, सिस्टरनेच पोरीला कसल्यातरी गोळ्या दिल्या. चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं तर तेही जमत नव्हतं, कारण ह्या वेळी बोंब थोडीशी खरी होती.

ऋतिकाला आता लाल गोळी. गरोदर बाईला लोहाची देतात ती, रोज घ्यायची. पहिलं पाकीट देताना मी तिला बसवून सांगितलं, हिने काय होतं, काय होत नाही, शौचाला काळं होईल, घाबरू नको. ती म्हणाली, "ही पण तुम्ही सांगताय म्हणून घेतेय." मग हसली. मला ते हसू पेलवलं नाही.

बोर्डाचं सेंटर अंबरनाथला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पेपर सुरू झाला की येसू मंदिरात जाऊन बसायची आणि सुटायच्या आधी अंगारा घेऊन फाटकाशी यायची. आठवा महिना लागला होता. ओढणी कितीही पसरली तरी काय झाकणार? पहिल्या दिवशी फाटकात तीन-चार आया थांबून बघत राहिल्या, एकीने आपल्या पोरीला हाताने ओढून लांब नेलं, लागण होईल की काय म्हणून. ऋतिका खाली न बघता आत गेली. मराठी दिला, गणिताचे दोन्ही दिले. जितेश तिच्या मागून दोन बाक सोडून बसायचा. त्याच्याकडे कोणी वळून पाहत नव्हतं.

विज्ञानाच्या दुसऱ्या पेपरच्या दिवशी मी चार्ज देऊन निघाले होते. पिशवीत फ्लिपचार्ट होता, तो वरच्या ऑफिसात जमा करायचा होता. जुलैतल्या मार्गदर्शनापासून तो तसाच पडून होता, चिमट्यासकट. घुले सर आपला चिमटा परत मागायला विसरले होते. वाटेत मी सेंटरवर थांबले. पोरगी घामाघूम होऊन बाहेर आली, तिला आणि येसूला घेऊन समोरच्या रसवंतीत बसले. तीन ग्लास सांगितले, बर्फ कमी.

"कसा गेला?"

"मस्त," ती म्हणाली. एका दमात अर्धा ग्लास संपवला. "सोप्पा होता एकदम. फक्त एक प्रश्न सोडला."

"कुठला?"

"पाच मार्कांचा. आकृती दिलेली, नावं लिहायची होती. आणि खाली, बाळ आईच्या पोटात कसं वाढतं ते थोडक्यात." तिने ओठांवरचा फेस पुसला. "घुले सरांनी तो धडा ऑप्शनला टाकायला सांगितलेला ना. शिकवलाच नाही आम्हाला."

घाण्याचं चाक फिरत होतं, घुंगरं वाजत होती. आठ महिन्यांची गरोदर मुलगी परीक्षेला बसते, आणि बाळ पोटात कसं वाढतं हा प्रश्न येत नाही म्हणून सोडून देते. मला ओरडावंसं वाटलं. कोणावर ओरडायचं ते मात्र कळेना, कारण यादीत माझंही नाव होतं आणि ते मीच सही करून दिलेलं होतं.

मी पिशवीतून चार्ट काढला, टेबलावर ठेवला आणि चिमटा दाबला. बरेच महिने दाबलेल्या कागदांवर त्याचे दात उठले होते. बाजूच्या टेबलावरचे दोन बाप्ये माना वाकड्या करून बघायला लागले.

"सिस्टर, लोक बघतात," येसू म्हणाली.

"बघू देत."

पान नऊ. मी बोट ठेवून सांगायला सुरुवात केली. हे गर्भाशय, इथून हे येतं, असं झालं की इथे रुजतं. पान दहा, अकरा. पान बारावर काय केल्याने दिवस राहत नाहीत ते, नावं घेऊन, आवाज खाली न आणता. तेरा. चौदावर कोणाला सांगायचं, फोन कुठे करायचा. येसूही पदराआडून वाकून बघायला लागली होती. दहा मिनिटं लागली असतील, जास्तीत जास्त बारा. रस अजून गार होता.

ऋतिकाने ऐकून घेतलं. मग चार्ट स्वतःकडे ओढला आणि नऊपासून चौदापर्यंत पुन्हा एकेक पान उलटलं.

"हा जुलैमध्ये तुमच्या हातात होता ना?"

"हो."

तिने चिमटा उचलला, एकदा उघडला, मिटला आणि माझ्यासमोर ठेवला.

"सहाच पानं होती, सिस्टर," ती म्हणाली.